तुटलेल्या अस्थिबंधाची पुनर्रचना
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मराठी शाळा कोणत्याही प्रांतात असो, तिच्या पटांगणावर खो-खोचे दोन खांब आणि कबड्डीची मध्यरेषा बहुधा असतेच. या दोन्ही खेळांचे सौंदर्य एका क्षणात साठलेले आहे. वेगाने धावणारा खेळाडू अचानक थांबतो, पाय रोवतो आणि दिशा बदलतो. गुडघ्यातील अस्थिबंध तुटतो तोही नेमका अशाच क्षणी. पुष्कळदा कुणाचा धक्कासुद्धा लागलेला नसतो. आतून ‘कट्’ असा आवाज होतो, पाय दगा देतो आणि काही तासांत गुडघा रक्त साठून फुगतो. घरी ‘मुरगळला असेल’ असे म्हणून तेल चोळले जाते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मूल चालू लागते, आणि खरी फसगत येथेच होते.

मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकते तेथे, सांध्याच्या मधोमध, दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा, ज्याला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, तो जेमतेम सव्वा इंच लांबीचा. नडगी पुढे सरकू न देणे आणि पाय वळताना सांध्याला आवर घालणे, हे त्याचे काम. सरळ रस्त्यावर चालताना त्याची उणीव फारशी भासत नाही. मैदानात पुन्हा वळण घेतले की मात्र गुडघा निसटतो, आणि अशा प्रत्येक निसटण्यात आतील चंद्रकोरीसारख्या गाद्या थोड्या थोड्या फाटत जातात. पुढे चाळिशीत जडणाऱ्या संधिवाताचे मूळ कधी कधी नववीतल्या एखाद्या सामन्यात असते.

मोडलेले हाड जुळते, मग हा बंध का जुळू नये? सांध्यातील द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही आणि जुळणीला आधारच मिळत नाही. इंग्लंडमधील लीड्सचे शल्यविशारद मेयो रॉबसन यांनी 1895 मध्ये एका खाणकामगाराचे असे बंध टाक्यांनी शिवले होते. तथापि निव्वळ शिवण बहुतेकांच्या बाबतीत टिकत नाही, असेच पुढे दिसून आले. 1917 मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी वेगळा विचार केला. मांडीवरच्या चिवट आवरणाची एक पट्टी घेऊन त्यांनी ती हाडांत पाडलेल्या छिद्रांतून ओवली. तुटलेले सांधण्याऐवजी नवे घडवायचे, ही आजच्या शस्त्रक्रियेची मूळ कल्पना तीच आहे. आता दुर्बिणीमुळे लहानशा छेदांतून काम होते. मांडीच्या मागील स्नायूंच्या कंडरा किंवा वाटीखालच्या कंडरेचा मधला पट्टा काढून घेतात, दोन्ही हाडांत बोगदे पाडतात आणि ती नवी दोरी त्यांतून ओवून स्क्रूने अथवा धातूच्या छोट्या बटणाने पक्की करतात.

शस्त्रक्रिया तास-दीड तासाची. त्यानंतरचा काळ मात्र वर्षाच्या हिशोबाने मोजावा लागतो, आणि पालकांची अधीरता आड येते ती याच टप्प्यावर. बसवलेल्या कंडरेतील मूळच्या पेशी आधी मरतात. मग नव्या रक्तवाहिन्या व पेशी तिच्यात शिरतात आणि ती हळूहळू अस्थिबंधाचे रूप घेते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे दुखणे थांबून मुलाला ‘आता बरे आहे’ असे वाटू लागते तेव्हाच, ती सर्वांत दुबळी असते. निदान नऊ महिने स्पर्धा नको, असे तज्ज्ञ सांगतात ते यासाठी. निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे म्हणून डॉक्टरांशी घासाघीस करणे गैर आहे, मग ती चाचणी राज्य पातळीची का असेना.

विनेश फोगट यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि 2018 मध्ये त्यांनी राष्ट्रकुल व आशियाई अशा दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. 2023 मध्ये दुसरा गुडघा दुखावला. मुंबईत पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी त्या पॅरिसमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. (शंभर ग्रॅम वजनाची हळहळ निराळी.) मुलगी एकदा पडली की ‘पुरे झाला तो खेळ’ म्हणणाऱ्या घरांनी मधल्या महिन्यांच्या व्यायामाकडे पाहावे.

मुलींविषयी आणखी एक गोष्ट. अशा खेळांत ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना अधिक होते. उडीनंतर गुडघे आत वळवून उतरण्याची सवय हे त्याचे एक कारण मानले जाते, आणि ती सवय बदलता येते. प्रत्येक गुडघ्याला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या मुलांत तर बोगदे कोठे पाडायचे याचा विशेष विचार करावा लागतो. तो निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांचा. सुजलेला गुडघा त्यांच्यापर्यंत वेळेवर नेणे मात्र घराच्या आणि शाळेच्या हातात आहे.

उडी मारून दोन्ही गुडघे वाकवत, पावलांच्या रेषेत ठेवत कसे उतरावे, एका पायावर तोल कसा सांभाळावा, याचे पंधरा मिनिटांचे व्यायाम नववीच्या मुली या सभेनंतर पटांगणावर करून दाखवणार आहेत. पालकांनी चहापूर्वी तेथे जरूर यावे. गुडघे साथ देत असतील त्या माजी विद्यार्थ्यांनी रांगेत उभे राहण्यासही हरकत नाही.