वाटणी करा, पण पाट वाटू नका

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



जुनी घरे कशी राखावीत यावर बोलायला आपण मला बोलावलेत. घराच्या भिंती आणि कौलांवर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी मागच्या दाराने बाहेर पडतो. इथे बसलेल्या अनेकांची मूळ घरे अंत्रुज महालात, सावईवेरे, केरी, प्रियोळ या बाजूंना. तिथे घर आणि मागचे कुळागर ही एकच रचना आहे. एक मोडले की दुसरे फार दिवस टिकत नाही.

रचना कशी, ते पाहा. डोंगराच्या पायथ्याशी झर. तिचे पाणी तळीत साठते आणि पाटाने उतरत एकेका थराला मिळते. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींवर मिरवेल आणि पानवेल, सावलीत केळी, हळद, अननस. राजांगणात पडलेला पाऊस मोरीवाटे मागे जातो, न्हाणीचे पाणी केळीच्या आळ्यात. आज याला लँडस्केप डिझाइन म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. (मीही घेतो!) आपल्या पणजोबांनी कागदावर रेघ ओढली नव्हती, पण उतार कुठे द्यायचा हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पोफळ हे नाजूक झाड. नैर्ऋत्येकडचे दुपारचे ऊन थेट खोडावर आले की खोड भाजते, चिरते, आणि पुढे वाऱ्यात तिथेच मोडते. पाणी तुंबले तर मुळे कुजतात. म्हणून जुन्या लोकांनी पश्चिमेच्या कडेला उंच झाडांची फळी ठेवली आणि पाटाइतकीच काळजी चरांची घेतली. नेमकी ती कडेची झाडे आपण आधी विकतो, कारण ती ‘काही देत नाहीत’.

आता वाटणीचे बोलू. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी समान, आणि मुले असतील तर मृत्युपत्राने निम्मीच मालमत्ता देता येते. कायदा न्यायाचा आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण सर्व्हेअर जमीन चौरस मीटरने मोजतो. पाणी त्याच्या नकाशात येत नाही. तळी एकाकडे जाते, पाटाचा मधला तुकडा दुसऱ्याकडे. दुसरा कुंपण घालतो किंवा भराव टाकतो, आणि खालच्या तिसऱ्याची पोफळ उन्हाळ्यात सुकते. भांडण मात्र सुपारीवरून होते.

दुसरी गोष्ट अंगणाची. चतुर्थीच्या आधी ‘चिखल नको’ म्हणून घराभोवती पेव्हर बसवतात, जोत्याला सिमेंटचा गिलावा करतात. चिरा ओल शोषतो आणि सोडतो. बाहेरून कोंडलात की ओल आत चढते आणि देवघराच्या भिंतीला पोपडे येतात. मग रंग बदलून पाहतात! जोत्यालगत मातीची, उताराची पट्टी मोकळी ठेवा. चिखलाची वाट तेवढी चिरे घालून बांधा.

केपे येथे कुशावती नदीसमोरचा पालासिओ दो देआंव हा 1787 चा वाडा आहे. तो दुरुस्त करणाऱ्यांनी बागही पुन्हा उभी केली. आज पाहुणे वाडा पाहायला येतात आणि बागेत रेंगाळतात. आपण सगळ्यांनी पाहुणेघर काढावे असे मी म्हणत नाही. पाडेली मिळत नाही, माकडे शहाळी ठेवत नाहीत, हे मलाही दिसते. तरी पाणी चालू राहिले तर कुळागर थोड्या दुर्लक्षातही तग धरते.

म्हणून एवढेच करा. वाटणीपत्र करण्याआधी पाण्याचा नकाशा काढा: झर, तळी, पाट, चर, विहीर आणि कडेची झाडे. पाणी, पाटाची वाट आणि साफसफाईचा खर्च सामाईक राहील असे वाटणीपत्रातच लिहून घ्या. तोंडी समजूत एका पिढीपुरती असते. सुना-जावयांना ती कोणी सांगितलेली नसते.

याला मुहूर्त चतुर्थीचाच. मुंबईचे, पुण्याचे, परदेशातले सगळे वाटेकरी तेव्हा मूळ घरी असतात. माटोळीसाठी सुपारीचे घोस, निरफणस, आंबाडे आणायला मुले मागे जातीलच. त्यांच्यासोबत घरातल्या सर्वांत वयस्क काकींना पाठवा, आणि मुलांच्या हातात एक टेप आणि वही द्या.