मूठभर पिठातील पहिली भाकर
(ज्युबिलीनिमित्त यावल येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी दानधर्मावर बोलावे असे ठरले, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांचा संसार रोजच्या मजुरीवर चालतो. केळीच्या बागेत काम आहे तोवर चूल पेटते. एका वादळाने बागा आडव्या झाल्या म्हणजे मालक बुडतो आणि त्याच्यामागून मजूरही. अशा माणसांस ‘द्या’ म्हणून सांगणे धर्मगुरूच्या तोंडी शोभते काय?

परंतु विचार करता दिसून आले की, या संकोचात दयेपेक्षा गर्वच अधिक होता. गरिबाजवळ देण्यासारखे काही नाही, हे आपण त्याला न विचारताच ठरवून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना देवळाच्या दुरुस्तीसाठी वर्गणी जमविली होती. मिस्सेच्या अखेरीस आम्ही मोठ्या उत्साहाने देणगीदारांची नावे रकमांसह वाचून दाखविली. पुढील दोन रविवार एक मजूर बाई देवळात दिसली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो. तिने शेजारून दूध मागून आणून आम्हांस चहा दिला आणि मग खाली मान घालून म्हणाली, “फादर, त्या यादीत आमचं नाव नव्हतं. तोंड कसं दाखवू?” हीच बाई चार महिने शेजारच्या आजारी म्हातारीस रोज भाकर पोहोचवीत होती! तिने काही दिले नाही, असे तिला वाटावयास लाविले कोणी? यादी आमची होती, दोषही आमचाच होता. त्या दिवसापासून आम्ही रकमा वाचावयाचे सोडिले.

सारफथच्या विधवेची कथा आपण ऐकली आहे. दुष्काळाचे दिवस होते. मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल, एवढाच तिचा संसार. एलिया संदेष्ट्याने तिच्याजवळ भाकर मागितली, तीही आधी आपल्यासाठी. हे ‘आधी’ ऐकून आम्हांस पूर्वी अवघड वाटे. आता वाटते की, सर्व मर्म त्याच शब्दात आहे. उरले तर देऊ असे म्हणणाऱ्याच्या घरी कधीच काही उरत नाही, मग तो शंभर रुपये मिळविणारा असो की लाख.

हे आपल्या महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गोरगरिबांच्या मुलांसाठी गावोगाव मूठमूठ धान्य मागितले. त्यास मुष्टिफंड म्हणत. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. त्या माउलीस आमचे वंदन असो. मात्र कोणाही गृहस्थाने हा दाखला सांगून घरच्या लक्ष्मीच्या दागिन्यास हात घालू नये. आम्ही मागतो ती मूठच. रोज दळणाआधी सुमारे 50 ग्रॅम ज्वारीची एक मूठ निराळी काढली, तर एका घरातून महिन्यास दीड किलो होते. अशी 40 घरे मिळाली तर 60 किलो! पावसाळ्यात ज्यांची मजुरी बंद पडते, त्यांच्या दोन-तीन कुटुंबांचा महिना त्यावर सहज निघेल.

आणखी एक गोष्ट पाहुणचाराची. कर्ज काढून केलेला पाहुणचार पाहुण्यासही जड जातो. आपल्याच तालुक्यातील फैजपूर येथे 1936 च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात मिळेल त्याच सामानाने सर्व उभारावे, हा महात्मा गांधींचा आग्रह. शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबूंचे नगर सजविले. साऱ्या देशाचे पुढारी त्या बांबूंच्या छायेत बसले. कोणाचा मान कमी झाल्याचे ऐकिवात नाही. मग आपल्या मुलीच्या लग्नातील मांडवासाठी सावकाराच्या दारी का जावे?

म्हणून ज्युबिलीच्या भोजनाचा बेत आम्ही पंचांशी बोलून बदलला आहे. उद्या जळगावहून मिठाई येणार नाही. बामणोदची वांगी आणिली आहेत. भरीत आणि कळण्याची भाकरी होईल. भाकऱ्या घरोघरी थापावयाच्या आहेत. ज्या घरी दोनच होतील त्यांनी दोनच आणाव्यात. सर्व एकाच टोपल्यात पडतील, कोणाच्या किती हे कोणी मोजणार नाही. देवळाच्या दारात उजव्या बाजूस आजपासून एक मडके ठेविले आहे. त्याच्याजवळ वही नाही. पंगतीस शेजारच्या वस्तीवरील सर्वांस, कोणत्याही धर्माचे असोत, बोलाविले आहे. वाढपी मुलांनी सकाळी नऊला यावे.