इस्त्री, टोनर आणि तांब्याची पाटी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून आठवणी सगळ्यांनीच भरभरून सांगितल्या. मी एक काम सांगणार आहे आणि शेवटी एक मागणं मागणार आहे. काम आहे घरच्या घरी सर्किट बोर्ड बनवण्याचं.

रिमोट उघडा, आत एक पाटी दिसते. तिच्यावरच्या तांब्याच्या रेघा म्हणजे तारा. पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये अशा छापील सर्किटवर रेडिओ बनवला. पुढे चेस्टर कार्लसनने १९३८ मध्ये कोरड्या भुकटीने प्रत काढून दाखवली. तीच आपली झेरॉक्स. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आपलं काम होतं.

टोनर म्हणजे शाई नव्हे, ती प्लास्टिकची काळी भुकटी. उष्णतेने ती वितळते आणि चिकटते. म्हणून नकाशा लेझर प्रिंटरवरच छापायचा. इंकजेटची शाई इथे उपयोगाची नाही. कागद गुळगुळीत, चकचकीत हवा. कागदावर अक्षरं उलटी दिसली पाहिजेत, म्हणजे तांब्यावर सुलटी उमटतात. रेघा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत.

तांबं चढवलेली पाटी लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते. तिच्यावरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ. ते भांड्याच्या घासणीने लख्ख घासायचं, ॲसिटोनने पुसायचं आणि मग बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा राहिला की टोनर तिथे धरत नाही. छापलेली बाजू तांब्यावर ठेवून कडक तापलेली इस्त्री, वाफ बंद ठेवून, तीन ते पाच मिनिटं सगळीकडे सारखी दाबायची. ताप कमी पडला तर टोनर सुटतो. दाब जास्त झाला तर रेघा पसरून एकमेकींना चिकटतात. पाटी थंड झाली की पाण्यात भिजत घालायची आणि कागद अंगठ्याने हलके चोळून काढायचा. तुटलेली रेघ पक्क्या मार्करने जोडायची.

मग फेरिक क्लोराईडचं द्रावण. ते उघडं तांबं खातं, टोनरखालचं सोडून देतं. कोमट द्रावणात पाटी हलवत राहिलं तर वीसेक मिनिटांत काम होतं. नंतर पाटी धुवायची, ॲसिटोनने टोनर पुसायचा, एक मिलिमीटरच्या आसपासची भोकं पाडायची आणि डाग द्यायचा.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचंच हवं, हातमोजे आणि चष्मा हवाच, खिडकी उघडी हवी, आणि ॲसिटोनजवळ तापलेली इस्त्री किंवा डाग द्यायची कावी नको. वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यात विरघळलेलं तांबं असतं. ते पाण्यातल्या जीवांना घातक आहे. बाटलीवर नाव लिहून ठेवायचं, पुन्हा वापरायचं, आणि थकलं की धोकादायक कचरा म्हणून रीतसर द्यायचं.

तुम्ही म्हणाल, कारखान्यातून याहून देखणा बोर्ड घरपोच येतो, मग ही हमाली कशाला? विकायचा माल असेल तर बोर्ड जरूर कारखान्यातूनच मागवा. पण मी गेली वीस वर्षं यंत्रं दुरुस्त करून पोट भरतो. माझ्याकडे कामाला येणारी डिप्लोमा झालेली हुशार मुलं अख्खं कार्ड बदलतात, कार्डावरचा दोष शोधत नाहीत. दोन रुपयांच्या भागासाठी गिऱ्हाइकाला हजारोंचा भुर्दंड, आणि जुनं कार्ड कचऱ्यात. त्या पोरांना बोल लावू नका. रेघ कुठून निघते आणि कुठे पोचते, हे त्यांना कुणी हाताने करूच दिलं नाही.

म्हणून माझं मागणं. आपल्या बॅचच्या निधीतून उरलेल्या रकमेत शाळेला एक लेझर प्रिंटर, दोन इस्त्र्या, एक छोटं ड्रिल आणि चष्मे-हातमोजे द्यावेत. मुख्याध्यापकांनी शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवावी. द्रावण आणि इस्त्री मोठ्यांच्या हाती. आपण पाळीपाळीने येऊ. पहिली पाळी माझी.

आठवी-नववीच्या मुलांचा पहिला बोर्ड साधाच असू दे : दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर आणि आलटून पालटून लुकलुकणारे दोन एलईडी, चार पेन्सिल सेलवर. दहा मायक्रोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर काढून शंभरचे लावले की लुकलुकणं दहापट संथ होतं. ते का, हे पोरं स्वतःच विचारतील. सर, फळ्यावर सूत्र लिहायची तीच वेळ. खडू आपण हाती घ्यावा, ही विनंती.