मुखडा शेवटी बघावा



आमचे अब्बा बारामतीत टांगा चालवायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी एक पांढरा घोडा घेतला. रुंद कपाळ, टपोरे डोळे आणि नाकाचं हाड किंचित आत वळलेलं. विकणारा म्हणाला, "भाई, अरबी रक्त आहे. मुखडा तर बघा!" अब्बांनी मुखडा बघितला आणि पाय बघायचे राहून गेले. चार महिन्यांत घोडा पुढच्या पायानं लंगडायला लागला. टांगा दारात उभा राहिला आणि अम्मी लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली.

पुढं उधारी करून अब्बांनी इंदापूरकडच्या एका धनगराकडून तट्टू आणलं. भीमथडीचंच. बुटकं, डोकं साधं सरळ. आम्ही पोरं त्याला हसलो. त्या तट्टानं अकरा वर्षं आम्हाला भाकरी दिली.

अरबी घोड्याचं डोकं निव्वळ शोभेचं नसतं, हे मला पुढं वाचनातून कळलं. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, तो फक्त नाकानं घेतो. म्हणून फुलणाऱ्या मोठ्या नाकपुड्या, जबड्याच्या दोन हाडांमधली ऐसपैस जागा, मोकळा गळा या गोष्टी कामाच्या. पण नाकाच्या हाडाला बाक आहे म्हणून घोडा जोरात पळत नाही. दम टिकतो तो खोल छाती, आखूड भक्कम पाठ, तिरका खांदा, सरळ पाय आणि टणक खूर यांच्या बळावर.

कॅलिफोर्नियात 1955 पासून 'टेव्हिस कप' नावाची दौड होते. एका दिवसात शंभर मैल, तेही डोंगरातून. तिथं अरबी घोड्यांचाच वरचष्मा आहे. वाटेत पशुवैद्य घोड्याची नाडी बघतात, चाल बघतात. मुखड्याला गुण नाहीत. उलट, सौंदर्याच्या प्रदर्शनांसाठी हा बाक वाढवत नेणारेही आहेत. 2017 साली अमेरिकेतल्या अशाच एका शिंगराची चित्रफीत जगभर फिरली. त्याच्या नाकाचा बाक इतका खोल होता, की पळताना याला श्वास पुरेल का, असा प्रश्न पशुवैद्यांनी विचारला.

आता आपल्या घरचं बघू. चौल-दाभोळच्या बंदरांत अरबी घोडे उतरत आणि घाट चढून दख्खनमध्ये येत. त्यांचं रक्त इथल्या तट्टांत मिसळलं आणि भीमा-नीरेच्या काठी भीमथडीची जात घडली, असं मानतात. मराठी फौजेनं तिला घडवलं ते कामासाठी. थोड्या चाऱ्यावर, खडकाळ वाटेवर, ओझं घेऊन दिवसभर चालणारं जनावर हवं होतं. फौजा गेल्या, पण धनगरांनी तट्टू सोडलं नाही. आजही दिवाळीनंतर बारामती-इंदापूरचे वाडे कोकणाकडे निघतात, तेव्हा भांडीकुंडी, वाघर आणि नवी कोकरं तट्टाच्याच पाठीवर असतात.

राजा बढे यांच्या गीतात या तट्टांचं नाव आहे. ते गीत 2023 साली राज्यगीत झालं. त्यानंतर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली. आनंदाची गोष्ट आहे. पण नाव झालं की हौशी गिऱ्हाईक येतं, प्रदर्शनं भरतात, फोटो निघतात. आणि फोटोत आधी दिसतो तो मुखडा. मी कवी आहे. नुसत्या देखण्या मुखड्यावर गाणं तरत नाही, पुढचे अंतरेही चालावे लागतात, एवढं मला कळतं.

म्हणून उद्या या तट्टांना जे गुण देतील, त्यांना माझी एक विनंती आहे. त्यांना मांडवात उभं करू नका. पाठीवर ओझं द्या, दहा कोस चालवा आणि मग गुण द्या. ज्या धनगरानं हे तट्टू राखलं, त्यालाही परीक्षकांत बसवा.

त्या पांढऱ्या घोड्यानंतर अब्बा कुठलाही घोडा बघताना आधी खाली बसायचे. खूर उचलून बघायचे, नळीवरून हात फिरवायचे, छाती बघायचे. मुखडा सगळ्यात शेवटी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)