कुलूप आमच्या दाराला, चावी कुणाकडं?

(इंदापूरच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. कायदा आणि तत्त्वज्ञान हे शब्द शहाण्यांनी कॉलेजात कोंडून ठेवलेत. मी म्हणतो, ते आपल्या सातबाऱ्यावर शेजारी-शेजारी बसलेत.

वतन म्हणजे काय होतं? सरकारी थैली वाहा, साहेबाच्या घोड्यापुढं पळा, मयताचा सांगावा पोचवा. बदल्यात हाडकीचा तुकडा. १८७४ च्या कायद्यानं ही वेठ पिढ्यान्‌पिढ्या बांधून टाकली. ती तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. ते पास झालं नाही. वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं, १ ऑगस्ट १९५९ पासून. ते बघायला बाबासाहेब नव्हते.

तरी जमीन फुकट नाही आली. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरा, मग परत घ्या. वर शर्त : कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, वाटून घ्यायची नाही.

आपली पोरं इचारतात, बागायतदार त्याची जमीन खुशाल विकतो, मग आमच्यावरच पहारा का? आम्ही काय कुक्कुली बाळं? सवाल रोकडा आहे. जबाब बी रोकडाच पाहिजे.

करार दोन मोकळ्या मर्जींचा असतो, असं कायदा धरून चालतो. गोदीत मुकादम कागद पुढं करतो : सही कर, नाहीतर उद्या येऊ नको. सही माझी, मर्जी त्याची. नीरा डावा कालवा १८८५ पासून बारामती-इंदापुरात वाहतोय. पाण्यामागं ऊस गेला, उसामागं पैसा. त्या पैशावर बसलेला आणि दुष्काळात उपाशी बसलेला एकाच कागदावर सही करतात, तेव्हा सह्या सारख्या दिसतात. माणसं सारखी नसतात. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी हेच बजावलं होतं : मताला समान किंमत, जगण्यात विषमता, ही विसंगती लोकशाहीच उडवील.

म्हणून शर्त म्हणजे ढाल. पण ढाल कुणाच्या हातात? आमच्या आज्यानं आत्याच्या लग्नाला उचल घेतली, साध्या कागदावर अंगठा दिला. उतारा आमच्या नावावर, ऊस दुसऱ्याचा. तक्रार करावी, तर शर्तभंग म्हणून जमीन सरकारजमा व्हायची धास्ती. म्हंजे लुटलेला गप्प, लुटणारा निवांत. कायद्यानं कुलूप लावलं, चोराला आत ठेवून!

म्हणून शर्त उठवा म्हणू नका. उठली की वर्षात सगळी हाडकी उसाखाली जाईल. मागा हे : शर्तभंग झाला तर जमीन सरकारला नाही, मूळ घराला परत द्या. आणि परवानगी देण्याआधी घरातल्या सगळ्या वारसांना, बायांना धरून, समोर बसवून इचारा.

उद्या तलाठ्याकडं जा. सातबारा काढा, जुने फेरफार काढा. आई-बहिणीचं नाव वारसात लागलंय का बघा. नसलं तर आधी ते लावा. दुसऱ्याकडं न्याय मागायचा, तर पहिला आपल्या घरातनं.

जयभीम.