कुठे पोहोचलास?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि विषय दिला आहे 'गाडी चालवताना मोबाईल'. म्हणजे तरुणांना उपदेश करा, असंच त्यांच्या मनात असणार. पण मला आज आपल्यासारख्या घरी बसणाऱ्यांविषयी बोलायचं आहे.

4 सप्टेंबर 2022 चा रविवार आपल्यापैकी कोणी विसरलं नसेल. उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली गाडी दुपारी आपल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागच्या सीटवर बसलेले गृहस्थ गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात आलं. तेव्हापासून मी रिक्षा सोडून कुठेही बसलो की आधी पट्टा ओढतो. मागे बसलो तरीही. नातवंडं हसतात, हसू देत.

त्या अपघातात मोबाईलचा काही संबंध होता असं माझं म्हणणं नाही, तसं कोणी म्हटलेलंही नाही. पुलाजवळ तीन लेनचा रस्ता दोन लेनचा होतो, वेगही होता. मला त्यातला एकच आकडा विसरता येत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या अहवालाचा हवाला देऊन पोलिसांनी सांगितलं होतं की, धडकेच्या पाच सेकंद आधी गाडीचा वेग ताशी 100 किलोमीटर होता. ब्रेक दाबला गेला, तरी आदळताना वेग 89 होता. पाच सेकंद! रस्त्यावर डोळे असताना, ब्रेकवर पाय असताना ही गत. आता मेसेज उघडायचा, वाचायचा आणि 'हो' लिहून पाठवायचा तर किती वेळ लागतो? मी घरी घड्याळ लावून पाहिलं. चष्मा सापडलेला असताना सहा सेकंद लागले. तरुणांना चार लागत असतील. ताशी 80 च्या वेगाने गाडी चार सेकंदांत जवळजवळ 90 मीटर जाते. तेवढं अंतर ती कोणी न बघता चालते.

आता माझी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मुलगा मुंबईहून येत होता. बायको म्हणाली, विचारा हो, कुठे आलाय, भाकरी टाकायला घेऊ का. मी लिहिलं, 'कुठे पोहोचलास?' उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. मग नुसतंच प्रश्नचिन्ह पाठवलं. तेव्हा उत्तर आलं, 'मनोर सोडलं'. आमचा जीव भांड्यात पडला, तवा चुलीवर चढला. जेवताना त्याने सहज सांगितलं की मनोरच्या पुढे एक ट्रेलर बंद पडून लेनमध्येच उभा होता, अगदी शेवटच्या क्षणी दिसला, कशीबशी गाडी काढली. मी विचारलं, दिसला कसा नाही रे? तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाबा, तुम्हालाच तर लिहीत होतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

बँकेत आमचा कॅशियर नोटा मोजत असला की मॅनेजरसुद्धा त्याला हाक मारत नसे. मध्येच कोणी बोललं तर तो नुसता हात वर करायचा, आणि अख्खी शाखा गप्प. मोजणी चुकली तरी पुन्हा मोजता येते, तरीही आम्ही इतकं पाळायचो. आणि हायवेवर असलेल्या पोराला मात्र आपण भाकरीचं विचारतो! आपला सोसायटीचा ग्रुप तर बघायलाच नको. 'माझ्या जागेवर गाडी कोणाची, ताबडतोब काढा.' ज्याची आहे तो बाइकवरून बोईसरला निघालेला असतो.

कायदा आहेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 184 मध्ये गाडी चालवताना हातात मोबाईल वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. दंड 1,000 ते 5,000 रुपये, कैदही होऊ शकते. पण पोलीस चालवणाऱ्याला पकडणार. मेसेज पाठवणाऱ्याला कोण पकडणार? काही जण म्हणतात, कानात ते यंत्र घालून बोललं तर चालतं. हात मोकळे राहतात, हे खरं. पण घरातल्या कटकटी ऐकताना डोकं मोकळं राहतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आमच्या घरी आता असं ठरलं आहे. निघताना मुलगा एक फोन करतो, अंदाजे वेळ सांगतो. त्यानंतर आम्ही फोन करायचा नाही की लिहायचं नाही. उशीर झाला तर तो कडेला हॉटेलवर थांबून स्वतः कळवतो. माझ्यासारख्याला हे सोपं नाही. गेल्या आठवड्यात तो साडेसातला येणार होता. आठ वाजले, सव्वाआठ झाले. चारोटी नाक्याकडून अँब्युलन्सचा आवाज आला. मी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी बायकोने तो काढून तांदळाच्या डब्यात ठेवला. आठ पस्तीसला खाली गाडीचा हॉर्न वाजला. नाक्यावर ट्रॅफिक होता, एवढंच.

भाकऱ्या गार झाल्या होत्या. तशाच खाल्ल्या.