उंदीर, खाट आणि हार्मोन



अंतराळात पुरुषांचे हार्मोन घटतात का, हे जमिनीवर तपासायला स्वयंसेवकांना डोकं सहा अंश खाली ठेवून आठवडेच्या आठवडे झोपवतात. जेवण, आंघोळ, सगळं आडवंच! उंदरांना मात्र शेपटीने टांगतात, मागचे पाय अधांतरी.

अशा उंदरांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटलेलं दिसलं, शुक्रजंतूही. पण आपले विज्ञानाचे सर विचारायचे ना, ‘दुसरं कारण तपासलंस का?’ टांगल्यावर उंदराचे वृषण पोटात सरकतात आणि तिथल्या उष्णतेनेच शुक्रजंतू घटतात. म्हणून पुढे ती वाट टाक्याने बंद करून प्रयोग झाले.

उंदरांवरून अंतराळवीरांना घाबरवू नये, असं माझं मत. नासाच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीर्घ मुक्कामातही, खाटेवरही पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन फारसं हललं नाही. घटलेलं आढळलं ते पृथ्वीवर उतरल्या दिवशी.